थंडीतील हंगामी फुले घरातच बियांपासून: पेरणीपासून कुंडीपर्यंत

नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यातील रोपवाटिकांमध्ये पेटुनिया, डायँथस, साल्व्हिया, पॅन्सी यांची फुललेली रोपे काळ्या पिशव्यांमधून विक्रीला येतात आणि बहुतेकांची हिवाळी बाग तेथूनच सुरू होते. त्यात चूक काही नाही. परंतु पिशवीत फुलावर आलेल्या रोपाच्या मुळ्या जागेअभावी गोल फिरलेल्या असतात, शेंडा वेळेवर खुडलेला असेलच असे नाही, आणि रंगाच्या बाबतीत जे समोर असेल तेच घ्यावे लागते. हीच रोपे घरी बियांपासून केली, तर जात, रंग आणि संख्या आपल्या हातात राहतात; शिवाय योग्य वयाचे रोप कुंडीत गेल्यामुळे ते बुडापासून दाट फुटते आणि फेब्रुवारी उलटेपर्यंत फुलत राहते.

थंड देशांत फुलांचे बी घरात पेरतात, कारण बाहेर बर्फ असतो. आपल्याकडे कारण वेगळे आहे. हिवाळी फुलांचे बी ज्या दिवसांत पेरायचे, नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. पावसाची एक जोरदार सर पेटुनियाचे बी ट्रेबाहेर वाहून नेते, किंवा उगवलेली रोपे मातीत लोळवते. पाऊस थांबला की ऑक्टोबरचे ऊन सुरू होते आणि उघड्यावरचा पाच सेंटिमीटर खोलीचा ट्रे दुपारी दोन तासांत कोरडा पडतो. म्हणून पेरणी आणि पहिले काही आठवडे घरात, खिडकीशी किंवा छत असलेल्या गॅलरीत काढावे लागतात.

या लेखातील सर्व सूचनांमागे एकच अनुभव आहे: बी उगवून आणणे अवघड नसते, उगवल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत रोपाला किती उजेड मिळाला यावर सारे ठरते. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान आपण सर्वांनीच पाहिले आहे. देवघराच्या मंद उजेडात ते नऊ दिवसांत वीतभर वाढते. ते पिवळसर, कोवळे आणि एकमेकांच्या आधाराने उभे असते, आणि दसऱ्याला टोपीत किंवा केसांत खोवले जाते. तेथे ते तसेच शोभते. पण ते इतके उंच का वाढते, हे समजून घेतले पाहिजे. उजेड न मिळालेला कोंब आपण अजून मातीखालीच आहोत असे धरून चालतो आणि दाण्यातील सगळा साठा खोड लांबवण्यात खर्च करतो. गहू-ज्वारीच्या दाण्यात हा साठा नऊ दिवस सहज पुरतो. पेटुनियाचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया मावतात. अशा बियात साठा जवळजवळ नसतोच. दोन-तीन दिवस उजेड कमी पडला, तर ते रोप दोऱ्यासारखे लांबते, आडवे होते आणि पुन्हा उभे राहत नाही. पहिल्या वर्षी माझ्या पेटुनियाचे असेच झाले होते. स्वयंपाकघरातील फडताळावर ट्रे ठेवला होता, उगवण उत्तम झाली होती, आणि आठवड्यात एकही रोप उभे राहिले नव्हते.

पेरणीची वेळ

पुण्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास येऊ लागते आणि मार्चमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते. या दोहोंमधले चार महिने हा या फुलांचा खरा हंगाम आहे, आणि पेरणीची तारीख त्यावरून मागे मोजत आणावी लागते. पेटुनियाला पेरल्यापासून पहिले फूल येईपर्यंत साधारण ११ ते १३ आठवडे लागतात, अँटिर्हिनम आणि पॅन्सीला १२ ते १४, अ‍ॅस्टरला जवळजवळ चार महिने, तर कॅलेंडुलाला ८ ते १० आणि बुटक्या झेंडूला ७ ते ९ आठवडे पुरतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जानेवारीच्या अखेरीस ही फुले कोणत्या भरात असतात हे ठाऊक असेल. त्या सुमारास आपल्या कुंड्याही भरात असाव्यात असे वाटत असेल, तर पेटुनिया, अँटिर्हिनम, अ‍ॅस्टर, डायँथस, साल्व्हिया आणि व्हर्बिना १५ ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान पेरावेत. पॅन्सी, फ्लॉक्स, अ‍ॅलिसम, कॅलेंडुला आणि नॅस्टर्शियम यांना मात्र थोडी थंड हवा सुरू झाल्याशिवाय घाई करू नये. ऑक्टोबरचा मध्य त्यांच्यासाठी योग्य.

घटस्थापनेला पेरावे किंवा गणपती बुडाले की पेरावे, असे आडाखे अनेक घरांत असतात. ते लक्षात ठेवायला सोपे असतात, परंतु अधिक महिन्यामुळे सण पुढेमागे सरकतात. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि २०२६ मध्ये ती ११ ऑक्टोबरला येते. जवळजवळ तीन आठवड्यांचा हा फरक पेटुनियाच्या बाबतीत बराच मोठा ठरतो. म्हणून इंग्रजी तारीख धरणे चांगले.

मुंबई आणि कोकणात थंडी उशिरा येते आणि हवा दमट असते. तेथे सर्व तारखा दोन आठवडे पुढे घ्याव्यात आणि पॅन्सीच्या मागे लागू नये. पेटुनिया, साल्व्हिया, झेंडू, झिनिया तेथे चांगले येतात. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या गावातील शेवटच्या हिमतुषाराची सरासरी तारीख पाहून पेटुनियासाठी १० ते १२ आणि झेंडूसाठी ६ ते ८ आठवडे मागे मोजावे. पुढील कृती तीच राहते.

बियांची निवड

पाकिटावरची चाचणीची तारीख आणि मुदत सर्वांत आधी पाहावी, चित्र नंतर. अ‍ॅस्टर, साल्व्हिया, फ्लॉक्स आणि व्हर्बिना यांच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. गेल्या वर्षीचे उरलेले अ‍ॅस्टर पेरून वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. झेंडू आणि झिनियाचे बी नीट ठेवले तर दोन-तीन वर्षे चालते. जुन्या बियांविषयी शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. उगवणीच्या नेहमीच्या मुदतीत पाचपेक्षा कमी उगवल्या, तर नवे पाकीट आणावे.

पेटुनिया, पॅन्सी, साल्व्हिया यांचे बाजारातील बहुतेक चांगले वाण एफ-१ संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी, असतात. त्यांची झाडे एकसारखी आणि भरघोस होतात, मात्र त्यांचे बी धरून पुढल्या वर्षी पेरल्यास तसेच फूल मिळत नाही. सरळ वाणाचे बी घरी धरता येते. अ‍ॅस्टरमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढरा, गुलाबी, जांभळा हे वाण, आणि झेंडूमध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा नारंगी गेंदा’ व ‘पुसा बसंती गेंदा’ हे यासाठी चांगले आहेत. संकरित पेटुनियाचे बी पुष्कळदा मातीसारख्या लेपाच्या गोळ्यांत मिळते. नवख्या माणसाने असे लेपित बीच घ्यावे, कारण ते एकेक करून ठेवता येते. सुटे बी चिमटीत धरताच येत नाही.

माध्यम आणि भांडी

बागेतील माती पेरणीसाठी वापरू नये. काळी माती ट्रेच्या उथळ थरात ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, आणि कोणत्याही मातीत रोपे कोलमडवणाऱ्या बुरश्या असतातच. माझे मिश्रण तीन भाग कोकोपीट, एक भाग बारीक चाळणीने चाळलेले गांडूळखत आणि एक भाग परलाइट (मिश्रण मोकळे ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) असे असते. पेटुनिया किंवा अँटिर्हिनमसाठी या मिश्रणावर अर्धा सेंटिमीटर नुसत्या चाळलेल्या कोकोपीटचा थर देतो, म्हणजे बी ढेकळांच्या फटीत खाली पडत नाही.

कोकोपीटच्या विटेबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण अनेकांचे पहिले अपयश तेथेच असते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि त्यात पुष्कळदा क्षार असतात. वीट तशीच भिजवून वापरली की बी उगवते, पण बीजपत्रांच्या, म्हणजे उगवताना प्रथम दिसणाऱ्या पानांच्या, कडा करपतात आणि रोप तेथेच थांबते. ६५० ग्रॅमची वीट मोठ्या बादलीत ठेवून तिच्यावर उकळते पाणी ओतावे. ती लवकर फुगते आणि बुरशी, कीटकांची अंडी यांचाही बराच बंदोबस्त होतो. निवल्यावर जुन्या सुती कापडात किंवा गोणपाटात घेऊन साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावी आणि पिळून काढावी. पिळल्यानंतर मुठीत दाबले असता गोळा व्हावा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि बोटाने टोकल्यावर गोळा फुटावा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती हीच स्थिती. ओल आहे आणि हवाही आहे, अशी ही अवस्था पेरणीपासून लागणीपर्यंत टिकवणे म्हणजेच पाणी देण्याचे सगळे कौशल्य.

ट्रायकोडर्मा या, रोग आणणाऱ्या बुरश्यांना रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची भुकटी घालायची असेल तर ती या मिश्रणात, निवल्यानंतर, पाकिटावरील प्रमाणाने घालावी.

भांड्यांसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. मिठाईचे पारदर्शक झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बारीक बियांसाठी उत्तम असतात. तळाला तापवलेल्या खिळ्याने दहा-बारा भोके पाडावीत. भोके नसलेल्या डब्यात हमखास नुकसान होते. मध्यम बियांसाठी ९८ किंवा १०४ कप्प्यांचे प्रो-ट्रे शेती साहित्याच्या दुकानांत मिळतात, ते कात्रीने कापून खिडकीच्या मापाचे करता येतात. नॅस्टर्शियम आणि स्वीट पी यांच्या मुळांना हलवलेले सोसत नाही. त्यांचे बी रात्रभर भिजवून थेट कागदी कपांत, एका कपात एक असे पेरावे आणि लागणीच्या वेळी कप फाडून टाकावा. कॅलिफोर्नियन पॉपी आणि लार्क्सपर तर थेट मोठ्या कुंडीतच पेरावेत.

बारीक बियांची पेरणी

पेटुनियाचे उदाहरण घेतो, कारण ते जमले की बाकीचे जमते. डबा काठापासून एक सेंटिमीटर खाली राहील इतका मिश्रणाने भरावा, हलके आपटून पृष्ठभाग सपाट करावा आणि पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. वरचा थर गडद दिसू लागला की बाहेर काढून अर्धा तास निथळू द्यावा. पेरणी नेहमी अशा आधीच ओल्या केलेल्या थरावर करावी. पेरल्यानंतर वरून पाणी घातले तर बी एका कोपऱ्यात गोळा होते.

सुटे बी असेल तर ते दोन चमचे कोरड्या, बारीक, पांढरट वाळूत मिसळावे. एक जाड कागद मधोमध दुमडून त्या घडीत हे मिश्रण घ्यावे आणि कागदावर बोटाने हलकेच टिचक्या मारत ते पृष्ठभागावर सोडावे. वाळूमुळे कोठे पडले आणि कोठे नाही हे दिसते. लेपित बी ओल्या काडीच्या टोकावर उचलून दोन-दोन सेंटिमीटरवर ठेवावे आणि फवाऱ्याने त्यावर पुरेसे पाणी मारावे, म्हणजे लेप पूर्ण विरघळतो. लेप अर्धवट ओला राहिला की कोंब आतच अडकतो. बियांवर काहीही पसरू नये. पेटुनियाच्या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. त्यांच्यावर मायेने घातलेली चिमूटभर मातीसुद्धा पुष्कळ होते.

झाकण लावून डबा भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावा. झाकलेल्या डब्यावर अर्धा तास ऊन आले तरी आतील तापमान इतके चढते की बी शिजते. २४ ते २६ अंश तापमान पेटुनियाला मानवते आणि सप्टेंबरअखेर पुण्याच्या घरात ते साधारण तेवढे असतेच. सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान हिरवे ठिपके दिसू लागतात. अर्ध्या बिया उगवल्या की झाकण एकदम न काढता पहिल्या दिवशी काडी लावून किलकिले करावे आणि दोन दिवसांत पूर्ण काढावे. उरलेल्यांची वाट पाहत झाकण तसेच ठेवले तर उगवलेली रोपे हातची जातात.

अँटिर्हिनम, अ‍ॅलिसम आणि लोबेलिया यांची रीत हीच आहे.

अंधार मागणारी बियाणी

पॅन्सी, फ्लॉक्स, व्हर्बिना आणि कॅलेंडुला यांचे याच्या उलट आहे. या बिया त्यांच्या जाडीच्या दोन-तीन पट मिश्रणाने किंवा व्हर्मिक्युलाइटने (ओल धरणाऱ्या हलक्या खनिज कणांनी) झाकाव्यात आणि ट्रेवर वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा ठेवावा. पाचव्या दिवसापासून मात्र रोज सकाळी पुठ्ठा उचलून पाहणे बंधनकारक समजावे, कारण पहिला कोंब दिसताच तो ट्रे त्याच दिवशी उजेडात न्यायचा असतो.

पॅन्सीला १८ ते २१ अंश लागतात आणि त्याहून फार गरम हवेत तिची उगवण झपाट्याने घटते. फ्लॉक्स त्याहूनही थंड मागतो. यासाठी घरातील सर्वांत थंड कोपरा शोधावा. मी पॅन्सीचा ट्रे माठाच्या तिवईखाली, ओल्या गोणपाटावर ठेवतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने तेथे दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि पॅन्सीला तेवढाही उपयोगी ठरतो. व्हर्बिनाला जास्त ओल सोसत नाही. तिचा ट्रे पेरणीच्या आदल्या दिवशी भिजवून ठेवावा आणि पेरल्यावर उगवेपर्यंत, फारच कोरडा पडल्याशिवाय, पाणी देऊ नये. तिला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. एवढ्यात कंटाळून ट्रे रिकामा करू नये.

झेंडू, झिनिया, डायँथस आणि अ‍ॅस्टर यांच्यासाठी विशेष काही करावे लागत नाही. अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. झेंडू-झिनिया चार ते सात दिवसांत आणि डायँथस-अ‍ॅस्टर दहा दिवसांच्या आत उगवतात.

प्रत्येक ट्रेमध्ये आइस्क्रीमच्या काडीवर नाव आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहून खोचावी. शाईच्या पेनाचे अक्षर पंधरा दिवसांत पुसले जाते, आणि अँटिर्हिनम की पेटुनिया हे त्या वयात पानांवरून ओळखणे कठीण असते.

मुंग्यांना विसरू नये. बारीक बी त्या एका रात्रीत उचलून नेतात. ट्रे ज्या पाटावर असेल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

उगवल्यानंतरचे दहा दिवस

कोंब दिसल्यापासून पुढचे दहा दिवस ट्रेची जागा हीच सर्वांत महत्त्वाची बाब असते. उत्तरेची खिडकी पुरेशी नाही. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असावी, आणि ट्रे तिच्या काचेला लागून असावा. खिडकीपासून एक मीटर आत सरकले की उजेड किती घटतो, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे अंधाराशी जुळवून घेतात. रोपाला मात्र ते कळते. डासांची जाळीही उजेड अडवते, तेव्हा दिवसा ती सरकवून ठेवावी. सकाळचे नऊ वाजेपर्यंतचे कोवळे ऊन झाकण काढलेल्या रोपांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालते. त्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊन मात्र पातळ पांढऱ्या कापडाच्या आडोशाने द्यावे. रोपे एका बाजूला कलू लागली की ट्रे रोज अर्धा फिरवावा; पण कलणे हीच खूण आहे की उजेड एकाच बाजूने आणि कमी येतो आहे.

ज्यांच्या घराला अशी खिडकी नाही, त्यांनी साध्या २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब शेजारी शेजारी लावून त्याखाली ट्रे ठेवावा. पांढऱ्या, ‘६५०० के’ लिहिलेल्या ट्यूब चालतात. गुलाबी-जांभळ्या दिव्यांची गरज नाही. अंतर महत्त्वाचे आहे. रोपांच्या शेंड्यापासून ट्यूब १५ सेंटिमीटरवर असावी आणि रोपे वाढतील तशी ती वर घ्यावी. छताला लावलेल्या ट्यूबचा रोपांना काही उपयोग नाही. दिवसाला १४ ते १६ तास उजेड द्यावा आणि रात्री बंद करावा.

याच काळात खोड सशक्त होण्यासाठी हवाही हवी. लहान पंखा सर्वांत कमी वेगावर, थेट झोत न देता, सकाळ-संध्याकाळ तासभर चालू ठेवला की दोन गोष्टी साधतात: हलणारी रोपे बुटकी आणि जाड होतात, आणि मातीचा पृष्ठभाग लवकर सुकतो. हा दुसरा फायदा पुढच्या संकटापासून वाचवतो.

रोपे कोलमडणे

संध्याकाळी ताठ असलेली रोपे सकाळी आडवी झालेली दिसतात. वाकून पाहिले की मातीलगत खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखे बारीक झालेले असते, आणि ही आडवी रोपे गोलाकार पट्ट्यात असतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या याला कारणीभूत असतात. त्यांना दाट रोपे, सतत ओला पृष्ठभाग, साचलेली दमट हवा आणि कमी उजेड हे चारही लागते. त्यातील जितके आपण काढून घेऊ, तितका धोका कमी होतो. म्हणूनच पेरणी विरळ करावी, पाणी परातीत ठेवून खालूनच द्यावे, तेही सकाळी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ट्रे उचलून उरलेले पाणी ओतून टाकावे. मिश्रणाचा वरचा थर फिका दिसू लागल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली, तर आठवडाभरात हात स्वतःच सांगू लागतो.

कोलमड सुरू झालीच तर ती रोपे सभोवतालच्या दोन सेंटिमीटर मिश्रणासह चमच्याने काढून कचऱ्यात टाकावीत, पाणी थांबवावे, पंखा लावावा. उरलेल्या भागावर एक लिटर पाण्यात २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते हलके शिंपडावे. हातमोजे घालावेत, मुलांपासून दूर ठेवावे आणि स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नयेत. एकाच वेळी ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक देऊ नये. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे आणि औषधाने तिलाही अपाय होतो.

ट्रेवर घिरट्या घालणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसल्या, तर मिश्रण जास्त ओले राहत आहे असे समजावे. त्यांच्या अळ्या कोवळ्या मुळ्या खातात. पिवळा चिकट कागद लावावा आणि पाणी कमी करावे.

दुसऱ्या घरात स्थलांतर

प्रथम दिसतात ती बीजपत्रे. त्यानंतर येणारी पाने खरी पाने. खऱ्या पानांची एक किंवा दोन जोड्या आल्या की डब्यातील रोपे प्रो-ट्रेच्या कप्प्यांत किंवा कागदी कपांत हलवावीत. पेटुनियाला यासाठी चार ते पाच आठवडे लागतात. हलवण्याच्या तासभर आधी पाणी द्यावे. आइस्क्रीमच्या काडीने रोप मुळासकट उचलावे, आणि धरायचे ते पानाला, खोडाला कधीही नाही. पान चिरडले तर दुसरे येते, खोड चिरडले तर रोप संपते. पेन्सिलीने कप्प्यात खळगा करून बीजपत्रांपर्यंत रोप आत बसवावे. थोडे लांबलेले रोप असेच खोलवर लावले तर सावरते; झेंडूच्या खोडाला तर पुरलेल्या भागातून नव्या मुळ्या फुटतात. दोन दिवस सावलीत ठेवावे आणि मग पुन्हा खिडकीत आणावे.

कोकोपीटमध्ये अन्न नसल्यासारखेच असते आणि गांडूळखताचा अंश लवकर संपतो. पहिली खरी पाने आली की १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे आणि स्थलांतरानंतर दहा दिवसांनी ते लिटरला एक ग्रॅमपर्यंत वाढवावे. त्याहून जास्त देऊ नये. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांना पेटुनियाची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसू शकते. ती नत्राची नव्हे तर लोहाची उणीव असते, कारण अशा पाण्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोहाची (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी आणि शक्य असेल तर पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी, हा त्यावरचा उपाय.

उन्हाची सवय आणि कुंडीतील लागण

खिडकीत वाढलेले रोप सरळ गच्चीवरच्या उन्हात नेले तर त्याची पाने एका दुपारीत पांढरी पडतात. सात ते दहा दिवस ही सवय हळूहळू लावावी. पहिले दोन दिवस सकाळी तासभर उघड्यावर, मग दोन तास, मग अकरा वाजेपर्यंत, आणि शेवटचे दोन दिवस रात्रीही बाहेर ठेवावे. या दिवसांत खत थांबवावे आणि पाणी किंचित कमी करावे, पण पाने मलूल होऊ देऊ नयेत. कबुतरांचा वावर असेल तर ट्रेवर जाळी टाकावी. कोवळी रोपे उपटून टाकणे हे त्यांना एका मिनिटाचे काम असते.

कप्प्याच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळी डोकावू लागली की रोप कुंडीत जाण्यास तयार झाले. पेटुनियासाठी २० सेंटिमीटरच्या कुंडीत एक किंवा ३० सेंटिमीटरच्या टांगत्या कुंडीत तीन रोपे पुरतात. पॅन्सी आणि डायँथस १५ सेंटिमीटरवर आणि उंच झेंडू एका कुंडीत एकच लावावा. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण कुंडीत भरावे. लागण नेहमी ऊन उतरल्यावर, संध्याकाळी करावी.

आठवड्याने रोप रुजले की पेटुनिया, साल्व्हिया, अँटिर्हिनम, डायँथस आणि झेंडू यांचा शेंडा आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर खुडावा. त्या वेळी पहिली कळी दिसत असेल तर ती खुडताना जीव कासावीस होतो, तरीही ती खुडावी. एका फुलाच्या बदल्यात चार-पाच फांद्या मिळतात आणि फुलणे दहा-बारा दिवस पुढे जाते, एवढेच. कोंबडा (सेलोशिया) हे फुलझाड मात्र खुडू नये, कारण त्याचा मुख्य तुरा शेंड्यालाच असतो, आणि पॅन्सी आपोआपच बुडातून फुटते.

उरलेले बी पाकिटाची कडा दुमडून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. मार्चमध्ये पेटुनिया आटोपला की त्याच कुंडीत झिनिया पेरता येतो, आणि त्याला घरात ठेवण्याचीही गरज पडत नाही.